सतरा नंबरचं कुलूप

बिलिंगहॅम. रात्रीचे दोन दहा.
कंट्रोल रूमच्या काचेला टीज नदीवरचं धुकं टेकलेलं,
आणि माझ्यापुढे गुलाबी कागद: आगीच्या कामाचा परवाना.
पंप दोनशे चार, बी. वेल्डिंग. सहा तास.
सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा,
इतक्या एकसारख्या
की एकाच दमात, एकाच खुर्चीत बसून केलेल्या असाव्यात.

खांबेटे इथं कोणालाच म्हणता येत नाही. मी कॅम.
"कॅम, तेवढी सही टाक," थ्वेट म्हणाला,
"कागदी घोडे नाचवण्यात रात्र सरेल."
(त्याच्या बोलीत घोडे नव्हते, पण अर्थ तोच.)
एकतीस वर्षं झालीत त्याला इथं.
माझं हेल्मेट अजून नवं दिसतं.

कागद पंपापाशी उभं राहून वाचायचा,
हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही.
लोट्याच्या कारखान्यात बाबांबरोबर घागकाका होते.
डाव्या हाताच्या तीन बोटांनी डब्याचं झाकण धरायचे.
उरलेल्या दोघांबद्दल विचारलं की म्हणायचे,
"लाइन रिकामी आहे, असं कोणीतरी म्हणालं होतं."
कोणीतरी.
त्या माणसाचं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.

बाहेर वाफेची फुसफुस, ओल्या लोखंडाचा वास.
गॅसचा मीटर शून्य दाखवत होता,
पण शून्यही तेवढ्या क्षणापुरतंच असतं.
मी टॉर्च खाली नेला.
ड्रेनच्या व्हॉल्व्हवर एक लाल कुलूप,
जे कागदात कुठंच नव्हतं.
नंबर सतरा. टॅगवर फोटो, कानात बाळी, हसतोय:
रॉरी पिकर्सगिल, दिवसपाळी.

नियम सोपा आहे.
कुलूप लटकतंय तोवर माणूस आत आहे,
मग तो घरी घोरत का असेना.
थ्वेटच्या व्हॅनमध्ये कटर होता.
त्याने व्हॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग खिशातून फोन काढून
नंबर स्वतःच लावला.

रेडकारहून पंचवीस मिनिटं.
रॉरी आला तो पायजम्यावर चमकतं जाकीट चढवून.
बायको हॉस्पिटलात रात्रपाळीला,
म्हणून मागच्या सीटवर मुलगी, ब्लँकेटमध्ये गुरफटलेली.
मूल गेटच्या आत चालत नाही.
थ्वेट गेटबाहेर गाडीपाशी उभा राहिला,
टॉर्च जमिनीकडे वळवून,
तिच्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून.

रॉरी कुलपापाशी वाकला आणि तसाच थांबला.
"प्रेशर गेज काढलंय मी. पलीकडे लाइन उघडी आहे.
झाकण उद्या बसवणार होतो.
सांगायचं होतं. मी सांगितलं ना कोणाला?"
आम्ही कोणी काही बोललो नाही.
वेल्डिंगची केबल जिथं गुंडाळलेली होती
तिथंच राहिली.

सही म्हणजे नाव, आणि सही म्हणजे बरोबर;
बाबा दोन्हीला एकच शब्द वापरायचे.
रद्दच्या रकान्यात मी पूर्ण नाव लिहिलं.
सकाळी मॅनेजर सहा तासांचा हिशोब मागेल.
देईन.

परतताना थ्वेटने विचारलं,
"तुझं नाव नीट कसं म्हणायचं?"
खां.
"कान."
खां. बे. टे.
गेटपासून कंट्रोल रूमपर्यंत तो म्हणत राहिला,
दर वेळी चुकीचं.