पेटी क्रमांक सतरा

तुर्भ्याच्या शेडमध्ये, पत्र्याखाली, लाकडी पेट्या.
पेटीत पाच ओळी, ओळीत काळे दांडे,
मनगटाएवढे जाड.
माझं काम : खडू, ओला बोळा, टेप.
दांडा पुसायचा, तुकडे मोजायचे,
खोली लिहायची. एकोणचाळीस पूर्णांक चार मीटर.
पारसिकच्या पोटातून बोगदा जायचाय,
वरच्यांना एवढंच हवं,
दगड टिकेल का.

मुकादम मॅडम मात्र पेटीपाशी उकिडव्या बसतात,
पांढऱ्या ठिपक्यांवरून नख फिरवतात.
"हे बुडबुडे. लाव्हा निवताना वायू अडकला,
मागून त्यात पांढरं भरत गेलं."
मग चार बोटं तांबडा पट्टा दाखवून :
"इथं दोन लोटांच्या मधे उसंत मिळाली.
हवा लागली, पाणी लागलं, माती झाली.
मग पुन्हा वरून आलं."
किती उसंत?
"कोण जाणे. हजार वर्षं. दहा हजार."
मी रजिस्टरात लिहिते : तांबडा थर, सात सेंटिमीटर.

मला वाटायचं, खाली रस उकळतोय
काकवीसारखा,
आणि कुठंतरी झाकण उडतं.
तसं नाही म्हणे.
खाली सगळा दगडच. घट्ट.
पण इतका तापलेला की घट्टपणीच सरकतो,
युगायुगांच्या चालीनं वर चढतो,
आणि चढता चढता
त्याच्या डोक्यावरचा भार हलका होतो.
"उष्णता वाढत नाही," मॅडम म्हणाल्या,
"दाब उतरतो. दाब उतरला की वितळतो."

मी खडू खाली ठेवला.

आमचे आप्पा, यल्लाप्पा धोत्रे,
याच डोंगराच्या खाणीत बत्तीस वर्षं
सुतकी आणि पहार.
भाऊ सुरुंगात गेला तेव्हा
डोळ्यांत टिपूस नाही.
तिसऱ्या दिवशी कामावर.
मग खाण बंद झाली.
आम्ही त्यांना खाटेवर बसवलं,
चहा दिला, पंखा लावला,
आणि पंख्याकडे बघत जे रडायला लागले
ते पाऊण वर्ष.
डॉक्टरांनी विचारलं, एवढ्यात काही घडलं का?
काहीच नाही, आम्ही म्हणालो,
आता तर आरामच आहे.

तो विस्तव फारसा हलला नाही म्हणतात.
आपणच हललो.
वर्षाला वीतभर, वीतभराहून कमी,
अख्खी जमीन पाठीवर बिऱ्हाड टाकून उत्तरेला.
मागं समुद्रात बुडालेल्या डोंगरांची रांग,
लक्षद्वीप, मालदीव, आणखी खाली,
आणि पार दक्षिणेला एका बेटाखाली
तोच जाळ, अजून.
आम्ही वडारही असेच पालं मोडत आलो.
प्रत्येक मुक्कामी तीन काळे दगड मागं.
फक्त आमच्या चुली विझायच्या.

रिपोर्ट गेला. टाकून द्यायच्या पेटीतला
एक तुकडा डब्याच्या पिशवीतून घरी आणला.
आप्पांनी तो तळहातावर तोलला,
चमच्यानं वाजवला, कान लावला.
"कुठला?"
पारसिकचा. चाळीस मीटर खालचा.
"एवढ्या खोल आम्ही कधी गेलो नाही."
बराच वेळ फिरवत राहिले,
मग तांबड्या पट्ट्यावर अंगठा ठेवून म्हणाले,
"हा इथं सुटणार."
आणि चहा मागितला.