शंभर रुपये भरल्यावर

जामसंड्याच्या नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, दाखले, आधारची दुरुस्ती,
हंगामात आंब्याच्या पेट्यांची लेबलं.
लोकांचे कागद मी वाचत नाही,
सरळ करते आणि काचेवर पालथे घालते.

हा एक वाचला.

बंधारा गेला त्या आठवड्यात. तिसरा बंधारा.
त्याच जागी, त्याच सुरूंच्या पुढे,
अवसेचं उधाण आलं आणि काळे दगड
जेवण आटोपलेल्या पाहुण्यांसारखे उठून गेले.
फलक तेवढा राहिला.
कामाचं नाव, लांबी तीनशे दहा मीटर, रक्कम.
खारं पाणी अक्षरं खातं, पण सावकाश खातं;
कंपनीचं नाव अजून लागत होतं.

रात्री शटर अर्धं ओढून
ते नाव मी कंपन्यांच्या सरकारी नोंदीत टाकलं.
शंभर रुपये भरले. बांगड्याचा एक वाटा.
नेट जात-येत होतं, पडद्यावर चाक फिरत होतं,
आणि मी कुणाच्या तरी मागीलदारी
चोरासारखी उभी आहे असं उगाच वाटत होतं,
पावती माझ्या नावाची असूनही.

मग उघडलं.
नोंदणीकृत कार्यालय: घर क्रमांक, वाडी, पिनकोड.
हा पत्ता मी पाठ म्हणू शकते.
गेली सहा वर्षं पेट्यांवर चिकटतोय तो,
'अस्सल हापूस'च्या खाली, बारीक अक्षरात.
सभापतींच्या बागेतली पॅकिंगची शेड.

सभापतींचं नाव कुठेच नाही.
निवडणुकीच्या शपथपत्रात त्यांनी लिहिलंय, व्यवसाय: बागायत.
खोटं कुठेय? बाग आहे.
बागेत शेड आहे, शेडमध्ये कंपनी,
कंपनीत बंधारा,
आणि बंधाऱ्यात, म्हणजे आता समुद्रात, आमचे पैसे.

पहिल्या संचालक: वहिनी, माहेरच्या नावानं.
दुसरे संचालक: गुणाजी लवू घाडी.

मी चष्मा पुसला.
गुणाजी? कलमांना शिपणं करणारा?
त्याचा श्रावणबाळचा अर्ज मीच भरला होता जूनमध्ये.
वार्षिक उत्पन्न एकवीस हजार.
सहीच्या जागी अंगठा, आणि तोही उठेना,
रेषा झिजून गेलेल्या,
तीनदा पुसला, तीनदा दाबला.
इथे त्याच्या नावावर पाच हजार शेअर
आणि खाली डिजिटल सही, स्वच्छ,
तारीख, वेळ, सेकंदासकट.

सोमवारी तो स्वतःच आला.
हातात घडी घातलेलं पत्र, घामानं मऊ झालेलं.
"वाच गो बाय, काय म्हणतत?"
अर्ज नामंजूर.
कारण: अर्जदार एका खासगी कंपनीचे संचालक असल्याचे आढळून येते.

म्हणजे बघितलं होतं कुणीतरी.
कचेरीत कुणीतरी बसून हीच नोंद उघडली होती,
हेच नाव वाचलं होतं, हाच पत्ता,
आणि त्यातून एवढंच शोधून काढलं
की गुणाजीला महिन्याचे दीड हजार द्यायचे नाहीत.

"संचालक म्हंजे काय?"
मालक, मी म्हटलं.
तो हसला. पुढचे दोन दात नाहीत त्याला.
"कसलो मालक? सायबांनी सांगल्यानी हंय अंगठो कर,
मिया केलंय. बँकेचा काम म्हणाले."
मग थोडा थांबून, जरा खालच्या आवाजात:
"मालक, तर माका काय गावतला?"

याचं उत्तर मला आलं नाही.
दुकानाचा गाळा पंचायत समितीचा आहे,
करार मार्चपर्यंत,
हेही मी त्याला सांगितलं नाही.

मशीन तापायला दीड मिनिट घेतं.
त्याचं पत्र आणि कंपनीचं पान
मोठ्या कागदावर शेजारी-शेजारी मावतात,
मधे बोटभर जागा उरते.
तो खिशात हात घालून नाणी चाचपत होता.
किती प्रती, मशीननं विचारलं.
मी दोन दाबले. पुसले.
मागच्या ग्रामसभेला किती माणसं होती
ते आठवत उभी राहिले,
बोट आकड्यांवर.