सात पॉइंट चार

नवतप्याचा चौथा दिवस. सकाळचे सव्वासहा,
अन् गोधनी रोडवरच्या धवड मॅडमच्या बंगल्यात
पाण्यावर कडुनिंबाची पिवळी पानं,
कोराडीकडून उडत आलेली राखेची साय,
एक बुडालेला भुंगा.
आधी जाळी फिरवतो. मग बाही वर.

नमुना वरवरचा घ्यायचा नसतो.
बाटली उपडी धरून हात कोपरापर्यंत घालायचा,
तिथे तिचं तोंड वर करायचं.
दोन बुडबुडे सुटतात, बाटली भरते.
अकरा वर्षं झाली, सव्वीस तलाव.
मला पोहता येत नाही.
पाण्याची नि माझी ओळख कोपरापर्यंतच.

लाल औषधाचे पाच थेंब.
पाणी हळदीवर राहिलं तर आंबट,
गुलाबी चढत गेलं तर सोड्याकडे झुकलेलं.
बुटीबोरीच्या ट्रेनिंगमध्ये साहेब फळ्यावर
बाणाबाणांची समीकरणं लिहीत होते,
मी मात्र आईच्या पदराचा विचार करत होतो:
हळदीचा डाग, त्यावर साबण,
अन् डाग जायचा सोडून लालभडक.
हळदीत चुना कालवला की कुंकू.
एवढंच शास्त्र. बाकी आकडे.

आकडे मात्र पिच्छा सोडत नाहीत.
बोअरचं पाणी जड. टाइल्सवर पांढरी रेघ,
बनियनवर घामाची उमटते तशी.
सेहेचाळीस अंशांत रोज बोटभर पाणी उडतं,
चुना तेवढा मागे राहतो.
क्लोरीन संध्याकाळी टाकायचं, दुपारचं ऊन ते फस्त करतं.
अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं. पाणी अ‍ॅसिडात कधीच नाही.
हे एकदा चुकलो होतो. मनगटावर आहे अजून.

मॅडम पायरीवर बसल्या होत्या, केस ओले.
"टेकचंद, औषध जास्त झालं वाटते.
डोळे चुरचुरून राहिले."

लोकांना वाटतं, वास आला म्हणजे क्लोरीन जास्त.
उलट असतं. वास येतो तो दमलेल्या क्लोरीनचा,
घामाशी, मळाशी झटापट करता करता
त्यांच्यातच अडकून पडलेल्याचा.
त्याला उपाय एकच: आणखी टाका, एकदम, भरपूर.
पण आज वास नव्हता.

पुन्हा नमुना घेतला, खोल टोकाकडून.
क्लोरीन दोन. जडपणा नेहमीचा.
नळी रंगपट्टीशेजारी धरली, मागे कोरा कागद,
सूर्याकडे पाठ करून दोनदा पाहिलं.
सात पॉइंट चार.
इतकं नेमकं वर्षातून दोन-तीनदाच येतं.

आकडा मोठ्यानं सांगायची सवय आहे मला.
थोरल्या बाई तो ऐकल्याशिवाय पाय बुडवायच्या नाहीत.
बासष्टाव्या वर्षी धाकटीनं त्यांना पोहायला शिकवलं;
गुडघ्यासाठी स्टीलचा कठडा बसवला,
अन् एका फेरीत तीनदा तो धरला
म्हणून दोघी भांडायच्या, चहा गार होईपर्यंत.

कठडा चकचकीत आहे.
खुंटीवर दोन टोप्या. निळीतून पाणी ठिबकतंय.
केशरीवर राख.

"पाण्यात दोष नाही, मॅडम."
"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या,
अन् टॉवेलात तोंड घालून बराच वेळ केस पुसत राहिल्या.

साहेबांना कुणीतरी विचारलं होतं,
सात पॉइंट चारच का? सरळ सात का नाही?
ते म्हणाले होते, डोळ्यांतलं पाणी साधारण तेवढंच असतं,
म्हणून झोंबत नाही.
तेव्हा मी ते वहीत उतरवलं, परीक्षेपुरतं.
परीक्षेत आलं नाही.

केशरी टोपी झटकावी का, असं वाटलं.
हात खुंटीपर्यंत गेला होता.
मग जाळी धुतली, बाटल्यांची झाकणं घट्ट केली,
भुंगा निंबाच्या बुंध्याशी टाकला.

रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, तिन्ही आकडे, सही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
काही टाकले नाही.