हातमोजा

अंबडच्या दोन गॅरेजांत एकच निदान :
टर्बो गेला, साठ हजार धरून चाला.
तिसऱ्यात, वडाळा नाक्याच्या आतल्या बोळात,
निसार मिस्त्रींनी आधी विचारलं,
धूर कधी येतो?

कसारा चढताना, म्हटलं. पार घोटीपर्यंत
आरशात मागचा ट्रक निळा दिसतो.
हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते.

इंजिन चालू ठेवून
त्यांनी ऑइलचं झाकण काढलं
आणि तोंडावर रबरी हातमोजा ताणला,
डॉक्टर घालतात तसला.

बोटं उभी राहिली.
आधी करंगळी, अंगठा सगळ्यात शेवटी,
मागच्या बाकावरच्या पोराला
उत्तर येत होतं
आणि वर्षभर कुणी विचारलंच नव्हतं, तशी.

"टर्बोला कशाला शिव्या?
पोटात कोंडमारा झालाय.
तेलाला खाली उतरू देत नाही,
मग ते घुसतं दिसेल त्या सीलमधून."

ब्रीदरची नळी उपसली.
आत काकवीसारखा काळा चिकटा,
काडी घातली तर काडीच अडकली.
व्हॉल्व्ह मिटून बसलेला, कधीपासून कोण जाणे.

मी रिंगांचं विचारलं.
"अजून सांगता येत नाही. आधी हे."

सातशे चाळीस रुपये.
पोरगा द्वारकेवरून भाग घेऊन आला तोवर
दोनदा चहा झाला.
पुन्हा झाकण, पुन्हा तोच हातमोजा, आता तेलकट.
या खेपेला तो हळूच आत ओढला गेला,
पाचही बोटं उलटी.

मिस्त्री हसले नाहीत.
डिपस्टिक पुसून वरच्या खुणेवर नख टेकवलं :
"कसारा चढून या. मग बोलू."