आरशांवर चिकटपट्टी

अँगलसी बेट. सकाळचे सात.
समुद्राकडून वारा, तंबू धरून ठेवायला चार माणसं.
कुंपणापलीकडे मेंढ्या. त्यांना या सगळ्याची सवय आहे,
मला नाही.

आधी सही. मेलात तर तुमचं तुम्ही,
इतकं सरळ कुणी लिहीत नाही, पण अर्थ तोच.
मग एक पोरगा सायलेन्सरपाशी यंत्र धरतो,
मी मूठ पिळते, तो मान डोलावतो.
बावन्नाव्या वर्षी कशात तरी पास झाले.

नंतर एल्फेड येतो, निळ्या टेपचं भेंडोळं घेऊन.
दिवा झाकतो.
आरसे झाकतो.
मागचं बघायचं नाही, म्हणतो,
ओलांडून जायची अक्कल मागच्याने ठेवायची,
तुम्ही आपली रेघ सोडू नका.

म्हणायला काय जातं.
बावीस वर्षं मी शाळेची बस चालवते.
निम्मं आयुष्य त्या लांबट आरशात गेलं:
कोण उभं राहिलं, कुणी कुणाची टोपी पळवली,
मागून तिसऱ्या सीटवर
आवाज न करता कोण रडतंय.

मग झेंड्यांचा वर्ग. पिवळा, म्हणजे पुढे कुणीतरी पडलंय.
लाल, म्हणजे सगळेच हळू परत या.
काळा एकट्याला दाखवतात, बोट रोखून.
सगळे हसले, शाळेत हसतात तसे.
शेजारी येस्टिन, तेविशीचा,
गुडघ्यांवर कोरे करकरीत स्लायडर बांधून.
आज घासल्याशिवाय घरी जायचं नाही, म्हणाला.
गुडघ्याला बाशिंग
इतकं शब्दशः मी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दोन फेऱ्या मारेदच्या मागे,
तिची नारिंगी बंडी धरून, बदकाच्या पिल्लांसारख्या.
तिसरीला तिने हात हलवला आणि निघून गेली.

कानाशी तागा फाडावा तसा एक जण गेला.
मी आरशात पाहिलं. निळं.
दुसरा गेला. पुन्हा पाहिलं. निळंच.
उतारावरच्या वळणाला वाटलं, तिकडच्या खडीत जायचं नाही,
खडीत नाही, खडीत नाही,
आणि गेलेच खडीत.
पडले नाही. उभीच्या उभी रुतले,
चाकं बुडवून, हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास ऐकत.

नजर जिकडे, चाक तिकडे, मारेद म्हणाली,
आणि पाण्याची बाटली हातात दिली. तू पाणी प्यायलीच नाहीस.
खरं होतं. बोटं उघडत नव्हती.
इतकं आवळून मी कधी काही धरलं नव्हतं,
नवरा गेला तेव्हासुद्धा.
हे तिला सांगितलं नाही.

जेवणानंतर बरं झालं. का, माहीत नाही.
एका वळणात, एकाच,
मी पुढच्या वळणाकडे पाहत होते
आणि गाडी आपोआप तिकडे निघाली होती.
मागे कोण होतं, कोण जाणे.

शेवटची फेरी सोडली. हात थकले की डोकं खोटं बोलतं, एल्फेड म्हणाला होता.
भिंतीवर बसून शिळं सँडविच खाल्लं.
चार वाजून वीस मिनिटांनी लाल झेंडा.
येस्टिन चालत आला, बाही फाटलेली,
एक गुडघा उचलून सगळ्यांना दाखवत:
घासला एकदाचा!
खांदाही घासला होता. त्याचं नंतर कळेल त्याला.

टेप ओरबाडून काढली. डिंक राहिला आरशांवर,
धुरकट, बोटाला चिकटणारा.
पुलाकडे वळताना सवयीने पाहिलं.
मागे एक कॅरव्हॅन, हळूहळू येणारी.
बाकी रस्ता रिकामा.