डझनाचा भाव

कळ्यात माझं औषधांचं दुकान आहे.
भाताला, उसाला, कशालाही कीड लागली
की बाटली माझ्याच फळीवरून उतरते.
कुणाच्या रानात काय वळवळतंय
हे मला त्याच्या बायकोआधी कळतं.

फक्त सुलाबाई वरुटे.
कुंभीकडेला पाऊण एकर भात,
आणि नऊ हंगामांत माझ्याकडून नेली ती
उंदराची एक वडी. तीही घरातल्या उंदराला.

मला वाटलं, बाजारभोगावातून आणत असेल.
धंद्यात असं वाटतंच.
भादव्यात एका रात्री बॅटरी घेऊन
तिच्या बांधावर उभा राहिलो, चोरासारखा.

उजेड पडला तसा बांध हलला.
एक डोळा. दुसरा.
मग भाताच्या बुडाशी गोट्या सांडाव्यात तसे
डोळेच डोळे.
जीभ दिसत नाही.
तुडतुडा होता, आता नाही,
एवढंच दिसतं.

"कोन हाय?" खोपीतनं सुलाबाई.
"मी. दुकानवाला."
"मग बत्ती मालव की. जेवाय बसल्यात ती."

कोपऱ्यातला डबरा तिनं बुजवलेला नाही,
बांधाचं गवतही पेटवलेलं नाही.
"गुंठाभर भात बुडतंय बाई तुझं," मी म्हणालो.
"बुडू दे. त्येंचा पगार हाय त्यो."

घरी येऊन जुन्या पावतीमागं हिशोब केला.
दोन फवारण्या, पंपाचं भाडं, गड्याची हजेरी,
वजा गुंठ्याचं भात.
आकडा आला. पावती चुलीत घातली.

माळ्यावर आण्णांची वही आहे, त्र्याऐंशी सालची.
'बेडूक, मोठे, डझन', पुढं भाव सव्वातीन.
गॅसबत्त्या चार. ओली गोणपाटं. पोरांना नगामागं दहा पैसे.
मागच्या तंगड्या बर्फातनं मुंबईला, तिथनं बोटीनं कुठं कुठं,
आणि उरलेली धडं
आमच्या परड्यातल्या खड्ड्यात.
मी सात वर्षांचा.
गोणीचं तोंड धरायचं काम माझं.
आतनं ती हातावर ढुशा द्यायची,
गार, आणि जोरात.

बंदी आली तशी वही मिटली.
दुसऱ्या वर्षी आण्णांनी हे दुकान टाकलं.
"नशीब बघ," म्हणायचे, "काय खप आहे!
पूर्वी एवढी कीड नव्हतीच."

आज सकाळी बळवंत चौगले आला.
सुलाबाईच्या वरच्या अंगाला त्याचं रान,
त्याच्या वाफ्यातलं पाणी तिच्या डबऱ्यात उतरतं.
"तुडतुडं लई झाल्यात. जालीम काय असंल ते दे."

जालीम आहे. दुसऱ्या फळीवर, डावीकडे.
हात वर गेला माझा, बाटलीच्या गळ्याभोवती बोटं आवळली,
आणि तिथंच राहिला,
गोणीचं तोंड धरल्यासारखा.

"काय झालं?" बळवंत म्हणाला.
"संपली काय?"