सुईवर सहा फंदे

एकतीस वर्षं म्हापशाच्या स्टँडवर
मी एकच शब्द ओरडलो: साखळी, साखळी, साखळी.
आता एर्मेलिंदा म्हणते, आधी साखळी घाला,
बावीस घरांची.
आणि हसते. तिला माहीत आहे.

ती माझी पॅसेंजर. अस्नोड्याची.
उजवीकडची तिसरी सीट, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात दोरा.
थिवीच्या वळणावर गाडी कलली तरी सुई कलत नसे.
मी बघायचो. पण बोटांच्या बेचक्यांत नोटा,
काखेत चामड्याची पिशवी;
कंडक्टरने विचारावं तरी काय?

रिटायर झालो आणि पहाटे पाचला
बोटं उठू लागली. मी नाही, बोटं.
चादरीची कड धरून सुटे मोजायची.
बायको म्हणाली, त्यांना कुठेतरी कामाला लावा.

खांब आठवड्यात जमला.
वेढा, घर, ओढ, दोनांतून काढ, दोनांतून काढ, संपला.
एक उतारू, एक तिकीट.
पण मला हवा होता तिच्या टेबलक्लॉथवरचा
तो फुगीर टाका,
कदंबाच्या फुलासारखा गरगरीत.
ज्या झाडाच्या नावाचा बिल्ला छातीला लावून हिंडलो
त्याचं फूल मी हातात घेतलं
ते नोकरी सुटल्यावर.

"पाच खांब, एकाच घरात," ती म्हणाली,
"पण एकही पुरा करायचा नाही.
शेवटचा फंदा सुईवर राहू दे."
हाताला पटेना.
एकाचं अर्धं ठेवून दुसऱ्याकडे कसं वळायचं?
हात आपला खांब बंद करून मोकळा.
"राव मरे, गावसबाब! धांपूं नाका!"

मग आठवलं. सुटे नसले की
तिकिटाच्या पाठीवर लिहायचो: बाकी तीन. बाकी आठ.
उतरताना मागून घ्या.
कितीजण तसेच उतरले,
मुळगावात, डिचोलीत, पावसात छत्री उघडत;
त्यांचे ते तीन, ते आठ
मी पिशवीत घेऊन घरी आलो.

एक फंदा बाकी. दुसरा बाकी.
तिसरा, चौथा, पाचवा, आणि मूळचा एक.
सुई गच्च, सोमवारच्या पहिल्या गाडीसारखी.
"आतां ओड. सगळ्यांतल्यान एकदम."
ओढलं. चौथ्यात आकडी अडली, दोऱ्याला फाटे फुटले.
उसवलं.
परत.
परत.
दुपारचा पाववाला भोंपू वाजवत गेला, तिने दार उघडलं नाही.

नऊ टाके घातले, सगळे चपटे.
सुई खाली ठेवली, म्हटलं, हे आपलं काम नव्हे.
तिने काही न बोलता विणकाम उलटं केलं.
नऊच्या नऊ पलीकडे निघाले होते,
टपोरे, माझ्याकडे पाठ करून.
"उलट्या बाजून घालपाचो आसता हो," म्हणाली,
जणू आधीच सांगितलं होतं.

सातवा जरा रोडावलेला. त्यात चारच खांब.
ती उसवू देईना.
पैशांचं विचारलं तर म्हणाली,
तिकिटाच्या पाठीवर लिहा.

परतीच्या गाडीत नवी मुलगी आहे, कानात रिंगा,
गळ्यात तिकिटाचं यंत्र; तिला लिहावं लागत नाही.
खिडकीपाशी बसून मी दुसरी ओळ धरली.
डिचोली गेलं. फोनवर कुणीतरी भांडत होतं.
"साखळी, साखळीवाले उतरा!"
माझंच ओरडणं, बाईच्या आवाजात.

उठलो नाही.
सुईवर सहा फंदे होते,
आणि सातवा वेढा नुकता घेतलेला.
गाडी हलली. ती आली, उभी राहिली, म्हणाली,
"काका, तुमचा स्टॉप गेला."
म्हटलं, दे होंड्याचं.